दाट तेवढं खरं

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यात मोटारगाडी ही प्रामुख्याने उभी करून ठेवण्याची वस्तू आहे. मुंबईचं सीएसएमटी इथून ६८ किलोमीटर. रोज गाडीने जायचं म्हटलं तर आधी पेट्रोल संपेल, मग पगार आणि शेवटी माणूस. त्यामुळे कमावता माणूस लोकल गाठतो आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर पांघरून पडून राहते. तिच्या वाट्याला येतं ते स्टेशन, भाजीबाजार, एखादं लग्न, आणि एखाद्या रविवारी अगदीच हुक्की आली तर कोंडेश्वर किंवा बारवी धरण. पण जी वस्तू फारशी वापरायची नसते तिच्याबद्दल मतं बाळगायला भरपूर सवड मिळते. त्यातलं सर्वांत तावातावाने मांडलं जाणारं मत म्हणजे इंजिनात ऑइल कुठलं घालावं.

आमच्या सोसायटीत या विषयाचे अंतिम अधिकारी म्हणजे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका. कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की ते जिन्यावरून खाली येतात. पट्टी बाहेर काढतात, तिच्या टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये धरतात, डोळे मिटून चोळतात. नवीन गाडीत मेस्त्रीने कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे फाइव्ह डब्ल्यू थर्टी भरलेलं असलं तर काकांचा चेहरा पडतो. "हे ऑइल आहे की चहा गाळून उरलेलं पाणी? बोटाला लागतसुद्धा नाही. ट्वेंटी-फॉर्टी घाला म्हणावं, इंजिनाला जरा आधार वाटेल."

काकांची चेष्टा करणं सोपं आहे, पण त्यांच्यामागे आपण सगळेच उभे आहोत. दूध दाट असलं की गवळी सज्जन, वरण दाट असलं की यजमान उदार. पातळ म्हटलं की कुणीतरी पाणी घातलंय, हा संशय आपल्या जिभेवरच जन्माला येतो. अशा माणसाला पातळ ऑइलसाठी जास्त पैसे मोजायला सांगणं म्हणजे अंत पाहणंच.

डब्यावरच्या आकड्यांची पद्धत मात्र काकांच्या बोटांपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ साली ऑइलची पहिली वर्गवारी केली. आज '५डब्ल्यू-३०' असं लिहिलेलं असतं त्यातला मागचा आकडा गरम ऑइलचा. १०० अंश सेल्सियसला ऑइल किती सहज वाहतं ते मोजतात: ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक भरलं तर ते ३०, त्यापुढे १६.३ पर्यंत ४०. पुढचा आकडा थंडीचा, कारण डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. इथे काकांना जोर चढतो. बदलापुरात पारा दहा-अकरावर आला तरी त्याची बातमी होते. उणे तीसचं ऑइल घ्यायला आपण काय लडाखला राहतो? शिवाय एप्रिलमध्ये हेच बदलापूर ४२ अंशांना पोचतं. उन्हाळ्यात तूप पातळ होतं, तसं ऑइलही होणार. मग आधीच दाट घेतलेलं काय वाईट?

मुद्दा बिनतोड वाटतो, पण इंजिनाच्या लेखी बदलापूरचा एप्रिलसुद्धा हिवाळाच असतो. चालू इंजिनाला थर्मोस्टॅट नव्वदच्या आसपास सांभाळून ठेवतो. बाहेर ४२ असो की २२, आतल्या ऑइलला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. आणि १०० अंशांना ज्याचे दहा-अकरा सेंटिस्टोक भरतात तेच ऑइल ४० अंशांना साठ-सत्तरच्या घरात असतं. म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारी किल्ली फिरवली तरी ते इंजिनाला हवं त्याच्या कितीतरी पट दाट असतं. वीस-चाळीसचं तर विचारूच नका. काका ज्या दाटपणासाठी झुरतात तो पातळ म्हणवणाऱ्या ऑइलमध्येही रोज सकाळी भरपूर हजर असतो. अडचण त्या दाटपणाचीच आहे. पंपाने ढकललेलं ऑइल कॅमशाफ्टपर्यंत चढायला जो वेळ लागतो, त्यात धातू धातूवर घासतो. झीज होते ती बरीचशी तेव्हाच.

आता हेंद्रेपाड्याच्या गाडीचं आयुष्य आठवा. चालू होते, स्टेशनावर जाते, बंद होते. पाण्याचा काटा मध्यावर येतो तेव्हा मालकाला वाटतं इंजिन तापलं. ऑइल बिचारं पाण्याच्या बरंच मागे असतं, ते तापायच्या आत फलाट दिसू लागतो. त्यात मिसळलेलं थोडंसं पेट्रोल आणि बाष्प उडून जायला जी ऊब लागते ती कधी मिळतच नाही. पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय धरते आणि मालकाची झोप उडते. बहुतेक वेळा ती हेड गास्केट गेल्याची खूण नसते, गाडी पुरेशी हिंडत नसल्याची असते. एकदा मुरबाडपर्यंत जाऊन या, पुष्कळशी निघून जाईल. कंपन्यांच्या पुस्तकांत अशा छोट्या फेऱ्यांना खडतर वापर म्हणतात. मालक म्हणतो, गाडी कुठे फिरलीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं? पण ऑइलला किलोमीटरच्या जोडीने तारीखही लावलेली असते, आणि आपल्याकडे आधी उलटते ती तारीख.

या साऱ्या शास्त्राची एक मोजपट्टी मुळात एका डॉक्टरची आहे, ही मला गंमत वाटते. ज्यां प्वाझय हा फ्रेंच वैद्य १८४०च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो ते मोजत बसला होता, कारण त्याला शरीरातल्या बारीक वाहिन्यांतून रक्त कसं वाहतं ते कळून घ्यायचं होतं. ऑइलच्या थंडीतल्या परीक्षेचे आकडे सेंटिपॉइझमध्ये देतात, ते त्याच्या नावाने. काका रोज रात्री जेवणानंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, एकही दिवस चुकवत नाहीत. हा मुद्दा मी त्यांच्यापुढे अजून काढलेला नाही. शेजारधर्म असतो.

दाटपणाचंच कौतुक असेल तर क्वीन्सलंड विद्यापीठात जावं. तिथे १९२७ पासून एका नरसाळ्यात डांबर ठेवलंय. ते वाहतं, पण नववा थेंब पडायला २०१४ उजाडलं. इंजिनाला इतका आधार मिळाला तर ते कायमचं टेकूनच बसेल.

काकांचं मत मात्र चुकीच्या माहितीवर पोसलेलं नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात रस्त्यावर अॅम्बेसेडर आणि कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी होती. त्या इंजिनांच्या भागांमधल्या फटी ऐसपैस, ऑइलच्या वाटा रुंद. वीस-चाळीस त्यांना मानवत असे. आजच्या इंजिनात फटी बारीक आणि व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते, अरुंद वाटांमधून. पेट्रोल वाचावं म्हणून काही गाड्यांना आता ०डब्ल्यू-१६ सांगतात. तो डबा काकांना दाखवायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

दाट ऑइलचा दुसरा वकील म्हणजे नाक्यावरचा मेस्त्री, पण त्याचं कारण व्यवहारी आहे. "शेठ, गाडी ऑइल खातेय, रिंगा गेल्यात. हाफ इंजिन करायचं तर खर्च आहे. तोवर घट्ट टाकू, आवाज दबेल." यात फसवणूक नाही, तो सरळ 'तोवर' म्हणतोय. आपण मात्र तेवढा एक शब्द ऐकत नाही आणि तीन वर्षं 'तोवर'मध्ये काढतो.

काटकसरीचा एक प्रकार मात्र टाळलेला बरा. डबा साडेतीन लिटरचा, गाडीत मावतात तीन, सव्वातीन. उरलेलं टाकवत नाही, म्हणून ते मोटरसायकलमध्ये जातं. मोटरसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि त्याला 'जासो एमए' लिहिलेलं ऑइल लागतं. गाडीच्या ऑइलमध्ये घसरणं सोपं करणारी द्रव्यं असली की क्लचही आनंदाने घसरतो. वांगणीचा चढ आणि मागे मेहुणा बसलेला, अशा वेळी ते कळतं. उरलेलं ऑइल झाकण लावून पुढच्या टॉपअपला ठेवावं, आणि रिकामा डबा रद्दीत देण्याआधी कापावा, नाहीतर तो पुन्हा भरून कुणाच्या तरी इंजिनात उतरतो.

२७ जुलै २०१९ला मात्र सगळे ग्रेड एक झाले. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, आणि इकडे उल्हास नदी हेंद्रेपाड्याच्या पार्किंगमध्ये शिरली होती. पाणी ओसरल्यावर पहिली धाव किल्लीकडे असते, आणि तीच घातक. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात ते नुकसान बसत नाही, त्याला इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. २००५चा पूर पाहिलेले काका त्या सकाळी प्रत्येक गाडीपाशी जाऊन ओरडत होते, "हात लावू नका किल्लीला!" कित्येकांची इंजिनं त्या आवाजाने वाचली, हे त्यांच्या खात्यावर लिहायला हवं.

शेजारच्या गाडीची पट्टी मेस्त्रीने काढली तर टोकाला दुधाळ, कॉफीसारखं काहीतरी. काकांनी सवयीने बोटांत धरून चोळलं. "दाट आहे," ते नाइलाजाने म्हणाले.

"आता कुठलं घालायचं?" शेजाऱ्याने विचारलं.

"आधी हे काढायचं, फिल्टर टाकून द्यायचा," मेस्त्री म्हणाला. "प्लग काढून पाणी बाहेर काढू. मग स्वस्तातलं काहीही भरून इंजिन थोडं फिरवायचं, परत काढायचं. असं दोनदा. मग कंपनीचं."

"स्वस्तातलं म्हणजे ट्वेंटी-फॉर्टी चालेल?" काका.

"चालेल ना. काका, पण पंधरा मिनिटांत काढून टाकायचंय ते."

"आण मग," काका म्हणाले, आणि पाकीट आणायला स्वतः जिना चढून वर गेले.