एक रिंग, आणि कट!

लाज म्हणून काही उरलीच नव्हती बघा त्या काळात. चांगल्या घरची, दोन बाल्कन्यांच्या फ्लॅटात राहणारी माणसं दिवसाढवळ्या, चारचौघांत मिसकॉल मारायची!

त्याआधी काटकसर नव्हती असं नाही, पण तिला जरा अब्रू होती. रात्री ११ नंतर एसटीडीचा दर पावपट होई, म्हणून पिवळ्या पाटीच्या बूथबाहेर कानटोप्या घालून रांगा लागत. काचेच्या खोक्यात शिरलेला माणूस लाल आकड्यांवर डोळे लावून नागपूरला ओरडे, "बाबा बरे आहेत, पैसे पाठवा, ठेवतो!" बाबांची प्रकृती आणि पैशांची निकड साऱ्या रांगेला कळे, तेही फुकट. काही जण तर लग्नपत्रिकेत शेजाऱ्यांचा नंबर 'पी.पी.' म्हणून छापत. म्हणजे फोन आपला आणि जिन्यातली धावपळ शेजाऱ्याची. पण निदान माणूस बोलत तरी होता हो!

बिघडलं ते मे २००३ पासून. मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं. तोवर आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. आता करणारा भरणार, घेणारा मोकळा. मग करणारा व्हायचं कुणी? २००५ सरता सरता ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' निघालं. लोकांकडे फोन आयुष्यभराचा आणि बॅलन्स साडेतीन रुपयांचा.

तिथून जी थेरं सुरू झाली! एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे खाली ये. तीन म्हणजे आई शेजारी बसली आहे, खबरदार फोन केलास तर. आणि पलीकडच्या बावळटाने उचललाच तर? "उचलला मेल्याने!" असा टाहो फुटे, कारण चार सेकंदांनाही पूर्ण मिनिटाचे पैसे कापले जात. (२००९मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा आकारायला सुरुवात केली, तेव्हा कुठे हा गुन्हा जामीनपात्र झाला.) त्यात हेच लोक महिना तीस रुपये मोजून कॉलर ट्यून लावायचे. ती ऐकणार कोण? एका रिंगेत कट करणारे!

पण खरा तमाशा लग्नघरात. मिसकॉल कुणी कुणाला द्यायचा, याचं शास्त्र ठरून गेलं होतं. बॉसने हाताखालच्याला देणं म्हणजे चिंधीपणा, हाताखालच्याने बॉसला देणं म्हणजे आगाऊपणा. प्रियकराला मात्र हक्काने. आणि वरमाईने? अहो, सोलापूरच्या एका वरमाईने साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या व्याह्यांना मिसकॉल दिला! वधूपित्याने हातातला घास टाकून उलटा फोन लावला, रुखवतातल्या लाडवांच्या आकारावर व्याख्यान ऐकलं, आणि बॅलन्स संपून फोन तुटला. तो रिचार्जवाल्याकडे पोचतो न पोचतो तोच पुन्हा एक रिंग. घरातल्या बायका म्हणाल्या, कंजूष आहे. मला विचाराल तर बाई मुळीच कंजूष नव्हती. फोन मुलीकडच्यांनीच करायचा असतो, एवढंच ती आठवण करून देत होती. हुंडा मागायला कायदा आड येतो, मिसकॉलला कुठलं कलम लावणार?

परदेशी गेलेल्या लेकांची कथा वेगळीच. एप्रिल २००२मध्ये व्हीएसएनएलची परदेशी फोनची मक्तेदारी गेली, दर उतरले, पण आईचा हात काही सैल झाला नाही. दुपारचं जेवण आटोपून एक वाजता न्यू जर्सीला एक रिंग. तिकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन! पोरगा धडपडत उठतो, कॉलिंग कार्डाचा लांबलचक पिन दाबतो, विचारतो, "आई, काय झालं?" तर म्हणे, "काही नाही रे, जेवलास का?"

असल्या चाळ्यांना कुणीतरी आवर घालायला हवा होता. घातला का? उलट मोठमोठी माणसं सामील झाली. २०११मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा द्यायचा तर मिसकॉल. पुढे भाजपचं सदस्य व्हायचं, तरी मिसकॉल. हिंदुस्थान युनिलिव्हरने बिहारकडच्या खेड्यांत एक रेडिओच काढला, मिसकॉल द्या आणि गाणी ऐका, मधे साबणाच्या जाहिराती. बंगळूरच्या झिपडायलने तर यावर धंदा थाटला आणि २०१५मध्ये तो ट्विटरने विकत घेतला. आमच्या पोरांना आम्ही ज्याबद्दल फटके दिले, ते अमेरिकेत विकलं गेलं!

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, बोलणं फुकट झालं. वाटलं, आता तरी माणसं शहाण्यासारखी बोलतील. कसलं काय! भरभक्कम ठेवी असलेले गृहस्थ आजही खात्यात किती आहे हे बघायला बँकेला एक रिंग देऊन कट करतात. आणि बँक? ती उलटून फोन करत नाही, गुपचूप एसएमएस पाठवते. वर, मिसकॉल द्यायचा नंबर आपल्याच भिंतीवर मोठ्या अक्षरात लावते!