भाचा म्हणतो, पायथन घ्या

खराडीत विजेचा खांब कोरा दिसला, तर तो आजच उभा केलाय असं समजावं. बाकी खांबांवर दोनच जाहिराती: ‘मुलांसाठी पीजी, जेवणासह’ आणि ‘पायथन फुल स्टॅक, १०० टक्के प्लेसमेंट’. प्रोग्रामिंग भाषांचा टायोबी लोकप्रियता निर्देशांक मी उघडतच नाही, इऑन आयटी पार्कपर्यंत चालत जातो. तो निर्देशांक तरी काय मोजतो? सर्च इंजिनांवर भाषेचं नाव किती ठिकाणी सापडतं, एवढंच. लिहिलेलं चालतं का, हा त्याचा प्रांत नाही.

वाघोलीचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत आले. काम बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, आणि डिझेलच्या हिशेबाचं.

“सर, पायथनमध्येच करा. भाचा म्हणतो, सगळं जग त्यातच चाललंय.”

“शेठ, पीएचपीत लवकर होईल.”

शेठनी शिळ्या वड्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. “आणि उद्या तुमचा माणूस सोडून गेला तर?”

इथं मी गप्प झालो. परदेशी क्लायंटच्या जाडजूड करारातही हीच भीती असते, फक्त टाय लावून. चलतीची भाषा घेतली की एक गेला तरी दुसरा मिळतो. कसा मिळतो, ते आमच्या माथी.

गंमत म्हणजे २००४ मध्ये प्रोग्रामर आणि निबंधकार पॉल ग्रॅहम यांनी उलटं लिहिलं होतं: पायथन नोकरीसाठी कुणी शिकत नाही, म्हणून ती येणारा माणूस हुशार असणार. पायथन खांबावर आली आणि ही कसोटी बाद झाली. आता कसोटी एचआरकडे. २०२० मध्ये फास्टएपीआय या पायथनमधल्या फ्रेमवर्कचे जनक सेबास्टियन रामिरेझ यांना एक जाहिरात दिसली: फास्टएपीआयचा चार वर्षांहून अधिक अनुभव हवा. त्यांनी ते बनवून दीडच वर्ष झालं होतं! आमच्याकडे त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळला असता.

मी मुलाखतीत एकच विचारतो: एकच बिल्टी दोनदा नोंदली गेली तर? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, “युजर असं करणारच नाही.” एका मुलीनं मात्र उलट विचारलं, “माल वाटेत दुसऱ्या ट्रकमध्ये भरला होता का?” तिचा सगळा अनुभव बँकेतल्या कोबोलचा, म्हणजे १९५९ साली जन्मलेल्या भाषेचा. पायथन ती आमच्याकडे येऊन शिकली आणि शेठचं काम तिनंच केलं.

भाच्याचाही रेझ्युमे आला होता. कौशल्यांत पायथन सर्वांत वर. तुमच्याकडे आला, तर बिल्टीचं तेवढं विचारून घ्या.