ऊन बघून ऑइल टाकू नका

वर्ध्यात कुठल्याही गॅरेजवर गाडी लावा, एक सल्ला हमखास मिळतो. "आपल्या इकडं ऊन लय तपते भाऊ, जाडंच ऑइल टाका." मग तीन सिलिंडरच्या छोट्या पेट्रोल गाडीत २०डब्ल्यू-५० ओतलं जातं आणि मालक निश्चिंत होतो. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याची किंमत गाडी मोजते.

बाहेर जानेवारीतले १२ अंश असोत की मे महिन्यातले ४६, इंजिनचा थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. गाडी नीट चालू लागली की आतलं ऑइल साधारण ९० ते ११० अंशांत फिरतं. रेडिएटर, पंखा आणि कूलंट धड असेल तर बाहेरच्या उन्हाने त्यात फारसा फरक पडत नाही. गाडी तापत असेल तर दोष कूलिंगमध्ये शोधा, तो जाड ऑइलखाली झाकू नका.

डब्यावरचे आकडे नीट वाचा. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू थंडीचा. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५वर. आर्वी-कारंज्याच्या कडाक्याच्या थंडीतही ती वेळ येत नाही, हे खरं. पण म्हणून पहिला आकडा निरुपयोगी ठरत नाही. इंजिनची बरीच झीज सुरू होण्याच्या क्षणी होते, आणि पातळ ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोहोचतं. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. मे महिन्यात सावलीत उभ्या गाडीतलं ऑइलही ४० अंशांवर असतं, आणि त्या तापमानाला २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून जाड असतं. बेअरिंगमधली फट पातळ ऑइलच्या हिशेबाने ठेवलेली, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालणारी. तिथे जाड ऑइल म्हणजे उशिरा पोहोचणं, जास्त ओढ आणि कमी ॲव्हरेज.

ज्या गावात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, मगनवाडीत तेलघाणीच्या रचनेवर प्रयोग झाले आणि सुधारित घाणीला 'वर्धा घाणी' असं नाव मिळालं, त्या गावात तेल अंदाजाने ओतलं जावं हे मला सहन होत नाही. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका डिक्कीत कुठेतरी पडलेली असते. ती काढा. तिच्यात ग्रेड लिहिलेली असते, किती लिटर हेही असतं. काही नव्या छोट्या गाड्यांना तर ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ लागतं. एवढं पातळ ऑइल बघून मेकॅनिक नाक मुरडेल. मुरडू द्या. गाडी लाखाच्या वर धावलेली असेल, ऑइल खात असेल आणि पुस्तिकेच्या तक्त्यात जाड ग्रेडला परवानगी असेल तर एक पायरी वर जायला हरकत नाही. पण तक्ता पाहून जा.

वर्ध्याचा खरा त्रास ऊन नाही, छोट्या फेऱ्या आहेत. रामनगरहून सावंगीचा दवाखाना, नालवाडीहून सेवाग्राम, मधेच बाजार. ऑइल पुरतं गरम होण्याआधीच गाडी बंद होते. न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि उडून जाण्याइतकी उष्णता त्याला मिळत नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, आणि इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. श्रावणात ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. आतून पांढुरकी साय दिसली तर गाडी आठवड्यातून एकदा हिंगणघाटपर्यंत पळवून आणा. त्यात कापसाच्या हंगामातली धूळ. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असा नियम असतो. आपल्याकडे अनेकांचे किलोमीटर भरत नाहीत आणि म्हणून ऑइल दोन-दोन वर्षं बदललं जात नाही. वर्ष मोजा. धुळीच्या आणि छोट्या फेऱ्यांच्या गाडीला पुस्तिकेतच लवकरची मुदत दिलेली असते, ती पाळा. एअर फिल्टर झटकून परत बसवणं बंद करा.

समृद्धी महामार्गावर जाणाऱ्यांना एकच सांगणं. येळाकेळीला चढून ताशी १२०च्या वेगाने तीन तास पळताना छोटं इंजिन चढ्या फेऱ्यांवर ओरडत असतं. निघण्याआधी सपाट जागी डिपस्टिक बघा. योग्य ग्रेडचं ऑइल एक लिटर कमी असेल तर ते कुठल्याही चुकीच्या ग्रेडपेक्षा वाईट. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

डब्यावर ग्रेडइतकंच महत्त्वाचं अक्षर एपीआयचं. पेट्रोलसाठी एसपी हा दर्जा मे २०२० मध्ये आला, २०२५ मध्ये एसक्यू. नवा दर्जा जुन्या गाडीलाही चालतो. मोटारसायकलचं ऑइल कारमध्ये टाकू नका. बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरू नये म्हणून ते ऑइल वेगळं बनवतात. बीएस-सहा डिझेल असेल आणि धुरांड्यात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, असेल तर कमी राखेचंच ऑइल हवं. डबा सीलबंद आहे ना ते बघा, आणि रिकामा डबा तिथेच फोडून टाका, नाहीतर त्यात उद्या दुसरंच काही विकलं जाईल.

आता गिअरबॉक्स, जिथे सगळ्यात जास्त नासधूस होते. ट्रॅक्टर आणि ट्रक ही या जिल्ह्याच्या गॅरेजची रोजी. त्यामुळे कोपऱ्यात '९० नंबर'चा मोठा डबा असतोच आणि छोट्या गाडीतही तेच ओततात. ते बहुधा जीएल-५ असतं, मागच्या चाकांच्या हायपॉइड डिफरन्शियलसाठी बनवलेलं. त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या जवळपास दुप्पट. छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रोनायझर रिंगा असतात. त्यांना पकड हवी असते आणि जीएल-५ त्यांना निसटवतं, काही ऑइलांमधली रसायनं पितळही खातात. सकाळी दुसरा गिअर करकरत पडतो त्यामागे पुष्कळदा हेच असतं. पुस्तिकेत बहुधा ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ असं लिहिलेलं असतं. तेच मागा, नसेल तर नागपूरहून आणवा.

एएमटी गाडीचा गिअरबॉक्स आतून साधाच असतो, पण गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचं द्रव वेगळं, ते गिअर ऑइलमध्ये मिसळायचं नाही. सीव्हीटीला फक्त सीव्हीटीचंच द्रव. त्यात साध्या ऑटोमॅटिकचं एटीएफ गेलं तर पट्टा घसरतो आणि दुरुस्तीचा खर्च अर्ध्या जुन्या गाडीइतका होऊ शकतो.

गिअर ऑइल बदलताना समोर उभे राहा. आधी भरायचा वरचा नट सुटतो का ते बघायला सांगा, मगच खालचा उघडू द्या. वरचा गंजून बसला असेल आणि खालचा आधी रिकामा केला, तर गाडी तिथेच अडकते. नवं ऑइल गाडी सपाट ठेवून, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. तिथून थेंब बाहेर पडू लागला की पुरे.