संकष्टी, डेक नंबर अकरा

(रंगमंचावर एक खुर्ची. तिच्या पाठीला नारिंगी लाइफ जॅकेट अडकवलेलं. साठीचा गृहस्थ येतो. हाफ पँट, फुलाफुलांचा शर्ट, पण पोटाशी ऑफिसची बॅग.)

बसतो जरा… (खुर्चीकडे संशयानं बघतो) नको. बसलो की कोणीतरी "थोडा सरको" म्हणेल.

हसू नका. टिटवाळ्याचा आहे मी. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, मग आम्ही. सीएसएमटीपासून 64 किलोमीटर. नोकरी फोर्टात. उभं आयुष्य सेंट्रल रेल्वेत गेलं, आणि उभं म्हणजे अगदी उभंच!

रिटायर झालो, तर मुलानं हातात तिकिटं ठेवली. "बाबा, क्रूझ. तुम्ही आणि आई. दोन रात्री."

म्हटलं, "जाते कुठे?"

"कुठेच नाही. मुंबईहून समुद्रात जाते, फिरते, परत मुंबई."

अरे, हे तर आम्ही रोज करायचो! मस्जिदला चढायचं, उलटं सीएसएमटीला जायचं, आणि त्याच गाडीनं परत फिरायचं. पण आम्ही ते सीटसाठी करायचो. हे लोक पैसे मोजून करतात!

तोवर हिनं भिंतीवरचं कालनिर्णय उलटलं होतं. "अहो, दुसऱ्या दिवशी संकष्टी आहे."

झालं! महागणपती आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. अंगारकीला अख्खी मुंबई पहाटेपासून आमच्या गावात रांग लावते. अशा गावची बाई संकष्टी मोडेल?

मुलगा काकुळतीला आला. "आई, खाणंपिणं सगळं तिकिटात आहे. दिवसभर. अनलिमिटेड!"

ही म्हणाली, "मग मी अनलिमिटेड उपास करीन."

(बॅग खांद्यावर टाकतो) बॅलार्ड पिअर. समोर बोट, एम्प्रेस. (मान वर, आणखी वर) अकरा मजले! 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली, 2021 पासून कॉर्डेलियानं मुंबईहून सोडलेली. लांबी 211 मीटर, माणसं अठराशेच्या आसपास. शेजारचा गृहस्थ बायकोला म्हणतो, "बाप रे, केवढी ही!"

मला राहवेना. "साहेब, आमची बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटर भरते. हिच्यापेक्षा लांब. गर्दीच्या वेळी पाच हजार माणसं नेते. फक्त पाण्यात नसते, एवढंच."

हिनं कोपर मारलं. "पावसाळ्यात असते."

तेवढ्यात आमची बॅग यंत्रातून गेली. पडद्यावर गोल वस्तू. शेंडीवाली. शिपायानं ती बाहेर काढली. नारळ! "मॅडम, ये किसलिए?"

"दर्याला."

बिचारा! त्यानं नारळ ठेवून घेतला. दूर्वांची जुडी, पेढ्याचा पुडा आणि ताम्हन-पळी मात्र सोडली.

सुटायच्या आधी कवायत. सात छोटे भोंगे, एक लांब. तो वाजला की जॅकेट चढवायचं आणि ठरलेल्या जागी जमायचं. 1912 साली टायटॅनिक बुडाली, त्यानंतर बोटींवरच्या जीवरक्षणाचे असले नियम जगभर कडक झाले. लोकांची धावपळ! मी थंड. भोंगा वाजल्यावर पोटाशी बॅग आवळून सुटायचं, याची तालीम आम्हाला नव्यानं कशाला? आणि त्या गर्दीत मी कल्याण-बदलापूरची माणसं बरोबर ओळखली. होडी खाली आली तर तिचं तोंड जिथे येईल, नेमकी त्याच जागेवर उभी होती!

आता माझी आई कोकणातली. तिच्या बोटी म्हणजे रोहिणी, चंद्रावती. भाऊच्या धक्क्याला बसायचं, डेकवर वळकटी पसरायची, आणि जंजिरा यायच्या आत निम्म्या माणसांना बोट लागलेली. लिंबू हुंगत रात्र काढायची. हर्णैला बोट लांब उभी राहायची. मग हलत्या पडावात आधी ट्रंक, मग पोरं, मग आजी, असा माल उतरायचा. तोच समुद्र, तेच पाणी, आणि इथे माझ्या पलंगावर काय? टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती!

हिनं चपला काढल्या, हात जोडले. "उद्या संकष्टी, आणि आज आपणहून आले बघा." दोन दिवस त्या टॉवेलला हात लावू दिला नाही. मी अंग रुमालानं पुसलं.

(खुर्चीवर बसतो, लगेच उठतो) दुसरा दिवस. पहाटे चारला जाग. उठलो, दाढी केली, बूट घातले, दार उघडलं. बाहेर नुसता लांब बोळ. पलंगावरून आवाज आला, "कुठे निघालात?"

इतक्या वर्षांच्या संसारात हिनं हे पहिल्यांदा विचारलं, आणि नेमकं तेव्हा मला उत्तर येईना!

अहो, आमचा संसार टाइमटेबलवर चाललेला. सकाळी मी निघायचो तेव्हा ही डबा भरत असायची. पाठ माझ्याकडे. रात्री यायचो तेव्हा मालिका चालू. परत पाठ. माझी बायको मी हजारात पाठमोरी ओळखेन! समोरून अख्खा दिवस, हा पहिलाच. नाश्त्याला टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला ही. माझ्यापुढे डोसा, पाव, आम्लेट, तीन रंगांचे केक. हिच्यापुढे पपई. मी म्हटलं, "बाकी?"

ती म्हणाली, "बाकी काय, तुम्हीच सांगा."

(दीर्घ विराम. घड्याळ बघतो.) पपई संपली.

मग सुरू झालं तिकीट वसूल करणं. पोहण्याचा तलाव, तिकिटात आहे, उतरा. भिंतीवर चढणं, तिकिटात आहे, चढा. जादूगार, तिकिटात आहे, पुढे बसा. दुपारपर्यंत मी इतका दमलो, की ऑफिसची आठवण येऊन गलबललो. तिथे निदान पंख्याखाली झोपता यायचं.

बारा सागरी मैल ओलांडले की कसिनो. बारा सागरी मैल म्हणजे बावीस किलोमीटर. ठाण्याहून निघून कल्याण मागे टाकलंत, तेवढं. मी हिला समजावलं, "इथे देशाची सागरी हद्द संपते."

"देशाची संपते. चतुर्थीची संपते का? चला."

संध्याकाळ. आमच्या गॅलरीतून सूर्य मावळला. झकास! पण हिचा हिशोब तयार. "सूर्य इकडे बुडाला, म्हणजे चंद्र तिकडून उगवणार." चंद्रोदय सव्वानऊच्या सुमाराला. नऊ वाजता ताम्हन माझ्या हातात, पळी हिच्या हातात. बोळ, जिना, जेवणाचा हॉल, गुलाबजामांच्या परातीवरून माझी एक नजर, पुन्हा बोळ, दुसरी बाजू. (धापा टाकत) पोचलो. कठड्याला उभे राहिलो. आणि कॅप्टननं बोट वळवली!

चंद्र गेला आमच्या गॅलरीत.

परत हॉल, गुलाबजाम, जिना, बोळ! चालत्या गाडीचा प्लॅटफॉर्म बदललेला मी पहिल्यांदा पाहिला. शेवटी ही म्हणाली, "वर चला. वरून सगळं आभाळ दिसतं."

अकरावा मजला. डीजे दणाणतोय, जांभळे दिवे, तोकड्या कपड्यांत नाचणारी तरणी पोरं. त्यांच्या मधोमध नऊवारीत ही! सह्याद्रीच्या अंगाला तांबूस चंद्र वर आलेला. हिनं दूर्वा वाहिल्या, पळीनं ताम्हनात अर्घ्य दिलं. डीजेनं गाणं थांबवलं. एक हिरवे केस रंगवलेला पोरगा ओरडला, "गणपती बाप्पा…"

अख्खा डेक, "मोरया!"

पेढे वाटले. त्या हिरव्या केसांनी दोनदा घेतले. उल्हासनगरचा निघाला.

आणि मग ही जेवायला बसली. अनलिमिटेड म्हणजे काय, ते त्या रात्री आचाऱ्याला कळलं! तिसऱ्या गुलाबजामाला मी भीत भीत विचारलं, "बाकी?"

बांध फुटला. रात्री दोनपर्यंत बोलत होती. नणंदेच्या लग्नातला शालू, 1994 साली मी विसरलेली भिशी, सगळं तारीखवार. माझ्या बायकोला इतकं बोलता येतं? सकाळी चारला मला जागच आली नाही.

साडेपाचला मात्र हिनंच हलवलं. "उठा, दीपगृह दिसतंय!" कुलाब्याबाहेरचं प्रॉंग्जचं दीपगृह. आंबिवली गेली की टिटवाळेकर आपोआप उठतो. उठलो. (बॅग पोटाशी) दारात पहिला नंबर. धक्का लागायला अजून तासभर. मागे बघतो, तर रांग! थेट जिन्यापर्यंत!

मागच्यानं खांद्यावर बोट ठेवलं. "उतरणार का?"

म्हटलं, "अहो, शेवटचं स्टेशन आहे. सगळेच उतरणार!"

तो म्हणाला, "ते झालं हो. पण जरा पुढे सरका ना!"

मी काही बोलणार, एवढ्यात रांगेतून ही कडाडली, "खबरदार सरकलात तर! जागा आपली आहे!"

(बॅग आवळून, पाय रोवून, ताठ उभा राहतो. सात छोटे भोंगे, एक लांब. अंधार.)