ताठ मानेच्या कांद्याचे श्रेय आपलेच!

श्री. रा. रा. युरियाराव यांस,
मु. पो. खताचे दुकान, पेण आणि रोहा तालुका.

कृ. सा. न. वि. वि.

भात झोडून झाले, वाफे बांधले, पांढऱ्या कांद्याची रोपे लागली की आपली स्वारी शेतावर येते. आठवड्याभरात पात काळपट हिरवी होते आणि बांधावरून जाणारा थांबून विचारतो, "काय घातलंस रे?" या कीर्तीबद्दल प्रथम आपले अभिनंदन.

आपल्या साधेपणाचे तर कौतुक करावे तेवढे थोडे. 45 किलोंची गोणी अवघ्या 266.50 रुपयांना! 2010 साली इतर खतांचे अनुदान पोषणमूल्यांवर ठरू लागले, आपल्याला मात्र सरकारने मायेने त्यातून वगळले. पालाशचा भाव ऐकून मागे सरलेला हात आपोआप आपल्याकडे वळतो. गरिबाला असा आधार दुसरा कोण देणार?

कांद्याला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश अशी शिफारस आहे. आपल्यात नत्र 46 टक्के. सगळे नत्र आपल्याकडूनच घेतले तरी गुंठ्याला सव्वादोन किलोंत काम भागते. पण आपल्यासारख्या दानशूराला तराजू लावणे बरे दिसते का? आम्ही घमेले भरतो आणि मुठीने उधळतो.

आपल्या कृपेने पात अशी लुसलुशीत होते की फुलकिड्यांना मेजवानीच. मागोमाग करपाही येतो. फवारणीचे औषध विकणारा दुकानदार आपला जन्माचा ऋणी आहे, त्याचाही नमस्कार घ्यावा.

आपले औदार्य शेतापुरते थांबत नाही. कांद्याची मुळे वीतभर खोल, आपण मात्र पाण्याबरोबर त्यांच्याही खाली उतरता. ओल्या वाफ्यावर उघडे पडलात तर अमोनिया होऊन हवेत जाता. आपली पळापळ कमी व्हावी म्हणून 2015 पासून प्रत्येक गोणीला कडुनिंबाचे तेल चोळतात, तरी आमच्या पैशांतून वाऱ्याला आणि विहिरीला वाटा देण्याचा आपला शिरस्ता काही मोडत नाही.

आणि ती मान! कांदा पोसला की मान मोडावी, पात आडवी पडावी, ही काढणीची खूण आमच्या आज्यापणज्यांपासूनची. लागवडीला 60 दिवस उलटल्यावरही आपला मुक्काम हलला नाही, तर कांदा मान मोडतच नाही. जाड, हिरवी, ताठ मान! एवढा स्वाभिमान आपणच त्याला शिकवलात.

माझी आई अंगणात बसून कांद्याची वेणी विणते. सुकलेल्या पातीचे पेड तिच्या बोटांत सरसर फिरतात. आपल्या लाडक्या कांद्याशी मात्र बोटे अडतात. मानेवर अंगठा दाबला की आत मऊ लागते, पाणी सुटते. ती काही बोलत नाही, कांदा बाजूला ठेवते. चुकून एखादा वेणीत गेलाच, तर आषाढात आढ्याला टांगलेल्या वेणीतून थेंब गळतो आणि घरभर वास सुटतो. शेजारचे चार कांदेही त्याच्यासोबत जातात. आम्हाला पावसाळाभर आपली आठवण राहावी, एवढी काळजी आपण घेता.

आता हात जोडून एक विनंती. आपल्याशी आमचे वैर नाही. नत्र कमी पडले तर पात पिवळी पडते, कांदा लहान राहतो, हे आम्ही जाणतो. म्हणून अर्धे लागवडीला या, उरलेले 30 आणि 45 दिवसांनी दोन हप्त्यांत या. त्यानंतर मात्र येऊ नका. पंगतीत शेणखताला, पालाशला आणि गंधकालाही पाट मांडू द्या.

आणि शेतकरी बंधूंनो, हे पत्र यंदा खताच्या दुकानात जाण्याआधी एकदा वाचा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्या गोडव्यामुळे. पातीचा हिरवा रंग कोणी विकत घेत नाही. वडखळच्या रस्त्यावर गाडी थांबवणारा माणूस वेणी हातात घेतो, मान दाबून पाहतो आणि मगच पैसे काढतो.

कळावे. लोभ असावा, पण गुंठ्याला सव्वादोन किलोंपुरताच.

आपला,
रोह्याकडचा एक कांदा उत्पादक