खाल्ल्या मिठाचे पाच तारे

फुकट आलेल्या फेसवॉशला दोन तारे देणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आपण पडलो खाल्ल्या मिठाला जागणारे! बूच निघत नसेल तर ‘पॅकिंग मजबूत’ लिहितो. वासानं डोकं उठलं तर ‘सुगंध दीर्घकाळ टिकतो’. अ‍ॅमेझॉननं २०१६ साली विक्रेत्यांना वस्तूच्या बदल्यात अभिप्राय मिळवायला मनाई केली. फुकट वस्तू देऊन अभिप्राय घेणारी स्वतःची ‘व्हाइन’ योजना मात्र चालू ठेवली. तिथं आमंत्रण लागतं. (फुकटेपणातही मानाचं पान असतं.) आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक. म्हणजे नवस बोलायचा. फेडायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. तेव्हा खरेदीआधी तीन तारेवाल्यांचं वाचा. त्या बिचाऱ्यांनी बहुधा पैसे मोजलेले असतात.