रुळलास का रं?

परदेशी गेलेल्या पोराला पाटणहून फोन लागला की तीन प्रश्न ठरलेले. जेवलास का? थंडी लई हाय का? आणि रुळलास का रं? पहिल्या दोनांची उत्तरं पोरगं खरी देतं. तिसऱ्याला मात्र ‘होय की’ म्हणून मोकळं होतं. ‘नाही’ म्हटलं तर पुढचा अर्धा तास घरचे उपाय सांगतात, आणि सांगणाऱ्यांतले निम्मे असे, की कऱ्हाडला लग्नाला जाताना पिण्याचं पाणी घरून बाटलीत भरून नेतात. बाहेरचं पाणी सोसत नाही म्हणे.

आमच्या आळीतला एक पोरगा सध्या जर्मनीत श्टुटगार्टला आहे, रुग्णालयात नर्स म्हणून. त्याला तिथं सगळ्यात आधी कशानं छळलं असेल? थंडीनं नाही, भाषेनंही नाही. झाडूनं. त्या मुलखात ‘केअरवोखं’ नावाची जुनी रीत आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवड्याच्या पाळीनं जिना झाडायचा, पुसायचा, दारापुढची वाट साफ करायची. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. म्हणजे अख्ख्या इमारतीला कळतं, की या आठवड्यात धूळ दिसली तर कुणाच्या नावानं बोटं मोडायची.

आता ज्या पोराच्या हातात आईनं जन्मात केरसुणी दिली नाही, त्याच्या दाराला ही पाटी! त्यानं पहिल्याच आठवड्यात आपल्या मातीतली अक्कल चालवली. रात्री उठून पाटी शेजारच्या दाराला टांगली. प्रश्न सुटेना तर पुढच्या वॉर्डात ढकलावा, हे आपल्याकडं लहानपणापासून बघितलेलं असतं. शेजारी राहते एक म्हातारी. ती भांडली नाही, ओरडली नाही. सकाळी पाटी परत त्याच्या दाराला लावली आणि सोबत एक बादली ठेवली. पोरगं म्हणतं, ‘दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.’

बरं, झाडू आपल्याला अगदीच परका आहे असंही नाही. २००० साली आर. आर. आबांनी गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा सातारा-सांगलीतल्या गावांनी रस्ते असे झाडले होते की त्यावर पंगत बसवावी. तपासणीची समिती आली, सरपंचांनी फेटे बांधले, पोरींनी लेझीम खेळलं, वेशीच्या कमानीला रंग लागला. पण किती तरी गावांत समितीची गाडी वळणाआड गेली आणि तिच्या मागोमाग झाडूही गेला. श्टुटगार्टची म्हातारी समितीशिवाय, बक्षिसाशिवाय, फोटोशिवाय झाडते. यात तिला नक्की काय मिळतं, हे पोराला अजून उमगलेलं नाही. आम्हालाही नाही.

बाकीची गाऱ्हाणी किरकोळ. रविवारी दुकानं बंद, आणि त्या दिवशी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दार वाजवतात. पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पंचवीस सेंट परत मिळतात, त्यामुळे पोरगं आता रस्त्यातल्या बाटलीकडं गावाकडच्या भंगारवाल्याच्या नजरेनं बघतं. काचेच्या बाटल्या टाकायच्या तर पांढऱ्या वेगळ्या, तपकिरी वेगळ्या, हिरव्या वेगळ्या. एवढी वर्गवारी आपल्याकडं फक्त आरक्षणाच्या मोर्चात होते. घरात टीव्ही असो नसो, रेडिओ-टीव्हीच्या नावानं घरटी महिना १८.३६ युरो भरायचे. डिसेंबरात साडेचारलाच दिवस मावळतो. रेल्वेतून जाताना टेकडीवर पवनचक्क्या दिसल्या तेव्हा मात्र वनकुसवड्याचं पठार आठवून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गावात असताना त्यांच्याकडं त्यानं मान वर करून बघितलं नव्हतं.

हे सगळं ऐकून पारावरची मंडळी हळहळतात. ‘परदेशात लई हाल, बाबा.’ खरंच असतील. पण ही हळहळ पाटण तालुक्यात ऐकली की हसू येतं. कारण परमुलखात जाऊन रुळणं हा तर या तालुक्याचा पिढीजात धंदा.

मुंबईचंच घ्या. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. १९६९ साली माथाडी कायदा झाला, तोवर या डोंगरातल्या किती माणसांनी मुंबईच्या बंदरात आणि बाजारात पाठीवर किती पोती वाहिली त्याला गणती नाही. ही माणसं रुळली कशी? तर गावाच्या खोलीनं. चाळीत गावाच्या नावानं एक गाळा. भिंतीकडेनं पत्र्याच्या पेट्या, वळकट्या उशाला. रात्रपाळीवाला उठला की त्याच्याच जागेवर दिवसपाळीवाला आडवा. नवं पोर एसटीतून उतरलं की त्याला पेटी ठेवायला हातभर जागा मिळायची, खानावळ ठरायची, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी चुलता त्याला मुकादमापुढं उभा करायचा. पोरानं तिथं काही उद्योग केले तर एसटीच्या आधी बातमी गावात पोचायची. त्या खोलीत माणसाला एकटेपणाची चैन परवडत नव्हती. श्टुटगार्टच्या पोराला स्वतंत्र खोली आहे, गरम पाणी आहे, खिडकीला दुहेरी काच आहे. दार मात्र कुणी ढकलून आत येत नाही. म्हातारीसुद्धा बादली बाहेरच ठेवून गेली.

मुंबईला जाणारा निदान आपल्या पायानं गेला. त्याच सुमारास तालुक्याच्या वरच्या अंगाला जे झालं, त्यात पायाला कुणी विचारलंच नाही.

कोयना धरण १९६४ साली पुरं झालं. पाणी चढलं, त्याला शिवसागर असं छान नाव मिळालं, आणि पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतली शंभराच्या आसपास गावं त्याखाली गेली. माणसं उचलली आणि वाटून टाकली. कुणी सांगलीकडं, कुणी सोलापूरला, कुणी ठाणे, रायगड, रत्नागिरीला. पासपोर्ट नको, व्हिसा नको, त्यामुळे याला कुणी परदेश म्हटलं नाही. पण ज्या माणसानं जन्मभर हजारो मिलिमीटर पावसात, डोंगराच्या उतारावर नाचणी, वरी आणि भाताचं खाचर केलं, त्याला सोलापूरच्या काळ्या रानात उभं करून ‘कर आता ज्वारी’ म्हणणं म्हणजे काय? त्याच्या मानानं श्टुटगार्ट शेजारचं गाव. तिथं निदान पाऊस तरी पडतो.

शिवाय यांना दिलेल्या जमिनी ज्यांच्याकडून काढून घेतल्या, तेच नवे शेजारी. आता असा शेजारी दारात बादली ठेवील की वाटेत काट्या लावील, हे ज्याचं त्यानं ओळखावं. गावाचं नाव गेलं, त्या जागी ‘धरणग्रस्त’ आलं. या नावाची खुबी अशी की ते वारसाहक्कानं मिळतं. ज्यानं धरण डोळ्यांनी बघितलं नाही तो नातूही धरणग्रस्तच. जर्मनीत म्हणे काही वर्षं राहिलं, भाषेची परीक्षा दिली, की माणूस तिथला नागरिक होतो. सोलापुरात अशी परीक्षा कुणी ठेवलेली नाही.

आणि कायदा? तोही झाला. पुनर्वसनाचा कायदा १९७६ सालचा, म्हणजे धरण पुरं झाल्यावर बारा वर्षांनी. वरात जेवून गेली आणि मग आचारी आला. त्या कायद्यानं नागरी सुविधांची यादी केली, त्यात स्मशानाची जागासुद्धा धरली. सरकारनं एवढा पुढचा विचार केलेला बघून ऊर भरून येतो. जी माणसं लांब न जाता पाण्याच्या कडेनं वर डोंगरात सरकली, त्यांना ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं हलवलं. मग १९८५ ला अभयारण्य झालं, २०१० ला व्याघ्र प्रकल्प झाला. माणूस न हलता तीनदा परक्या मुलखात गेला. जमीन तीच, कायदे नवे. काल ज्या रानातनं मोळी आणली, तिथं आज पाय ठेवायला परवानगी लागते.

२०१८ साली डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर हीच माणसं कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. धरणाला पन्नासहून जास्त वर्षं झाली होती तेव्हा. मागणी काय, तर आम्हाला आधी नीट मोजा, आमची यादी पुरी करा, जमीन द्या. धरणातल्या पाण्याचा हिशेब टीएमसीत, तोही दोन दशांशांपर्यंत पाठ असतो, १०५.२५. त्याच पाण्यावर १,९६० मेगावॉट वीज. पाणी मोजता येतं, वीज मोजता येते. माणसंच तेवढी मोजायला अवघड.

आता जरा आनंदाची बातमी. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण सह्याद्रीत आणली, चांदोलीत. तिचं सगळं कसं रीतसर झालं! एकदम रानात सोडलं नाही. आधी कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात ठेवली, नव्या हवेची, नव्या वासाची सवय होऊ दिली. याला वनखात्यात ‘सॉफ्ट रिलीज’ म्हणतात. गळ्यात कॉलर, मागावर माणसं, डॉक्टर हाताशी. ती खाते का, फिरते का, घाबरते का, सगळ्याची नोंद. वाघिणीबद्दल आमच्या मनात तसूभर आकस नाही, बाई सुखी राहो. फक्त एवढंच डोक्यात येतं, की नव्या जागी आलेल्या जिवाला रुळायला वेळ लागतो हे सरकारला ठाऊक आहे. पुस्तकात छापलेलं आहे. एकेकाळी ते पान फाटलेलं असावं.

चित्त्यांचं तर त्याहून नवल. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते कुनोला आले, पुढं दक्षिण आफ्रिकेतून बारा. त्यांचं शरीर तिकडचंच पंचांग घेऊन आलं. जून-ऑगस्ट म्हणजे तिकडं हिवाळा, म्हणून इथल्या उकाड्यात आणि पावसात त्यांच्या अंगावर थंडीचे दाट केस उगवले. २०२३ च्या पावसाळ्यात ओल्या केसांत, कॉलरखाली जखमा चिघळल्या, काही दगावले. मग तज्ज्ञ बसले, कॉलरी काढल्या, चर्चा झाल्या. सोलापूरच्या रानात गेलेला कोयनेकाठचा म्हाताराही मिरीग लागला की आभाळाकडं बघत, हाताशी इरलं घेऊन बसला असेल. त्याच्यासाठी कुठले तज्ज्ञ बसले नाहीत. पाऊस पडेल म्हणून तो आपला एकटाच बसला.

तर आता जर्मनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायचा. परिचारिका, वीजतंत्री, नळकाम करणारे, चालक. जर्मन भाषा शिकवायचा खर्च सरकारचा. चांगलं आहे, आम्ही टाळ्या वाजवल्या. साठ वर्षांत सरकार एवढं शिकलं की माणूस हलवायचा असेल तर आधी त्याला तिथली बोली शिकवावी. मात्र हा धडा फक्त दुसऱ्याच्या देशात माणूस पाठवताना लागू होतो. आपल्याच राज्यात हलवायचा असला तर ट्रक पुरतो.

जर्मन लोकांचीही कागदांची हौस आपल्यापेक्षा काही कमी नाही. नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत कचेरीत नोंद करायची, घरमालकाची चिठ्ठी जोडायची, असा तिथला कायदा. आळीतला पोरगा घाबरत गेला. आधारकार्ड, त्याच्या दोन झेरॉक्स, शाळेचा दाखला, चार फोटो, शिवाय ओळखीचा एक माणूस हवा होता, तो मिळाला नाही म्हणून कपाळाला अंगारा. खिडकीपलीकडच्या बाईनं पासपोर्ट आणि चिठ्ठी बघितली, चार बटणं दाबली, कागद हातात दिला. पोरगं तिथंच घुटमळत राहिलं. ‘उद्या या’ म्हणाली नाही म्हणजे काम झालेलंच नाही, अशी त्याची खात्री.

त्याचं बघून त्याचा एक मित्रही जर्मनीच्या मागं लागलाय. हा धरणग्रस्ताचा नातू, घर सोलापूरकडं. तिकडच्या अर्जात जन्मगाव विचारलं, त्यानं लिहिलं, विषय संपला. इथं मात्र एका कचेरीत धरणग्रस्ताच्या दाखल्यासाठी गेला तर साहेबांनी आजोबांच्या मूळ गावातला पुरावा मागितला. पोरगा म्हणाला, गाव पाण्याखाली आहे. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि म्हणाले,

‘मग मे महिन्यात या. पाणी उतरलेलं असतं.’